काटा शंभरावर होता

पावसाळ्याचे दिवस होते. चिपळूणच्या एका दवाखान्यातून पेशंट कराडला आणायचा होता आणि आमच्या रुग्णालयाच्या ॲम्ब्युलन्सबरोबर रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वासोपचार करणारा) म्हणून मी गेलो होतो. आजी सत्तरीच्या आसपास. बिडी-सिगारेट कधी नाही, पण चाळीस वर्षं चुलीच्या धुरात गेलेली. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. तोंडावर मास्क, १० लिटरने ऑक्सिजन, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९९ टक्के.

मुलगा म्हणाला, "रात्रभर नुसती धाप. आता कशी शांत झोपलीय बघा."

मला ती झोप बरी वाटली नाही. हाक मारली की आजी डोळे उघडायच्या, अर्ध्या शब्दावर पुन्हा मिटायच्या. तळहात गरम, नाडी उसळती. हात ताठ धरून पाहिले तर मनगटं फडफडत होती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याच्या या खुणा. तिथे एबीजीचं, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू मोजायचं, मशीन नव्हतं, पण ९९ हा आकडा फक्त ऑक्सिजनचं सांगतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय का, हे तो सांगत नाही.

गाडी सुटल्यावर सिलिंडरकडे पाहिलं. दाबाचा काटा १०० बारवर! भरलेला असतो तेव्हा १५० च्या आसपास दाखवतो. जोडीला एक जादा सिलिंडर होता, तो तर रिकामाच निघाला. कराडहून निघतानाच दोन्ही तपासायला हवे होते. ती चूक माझी. वायूचा दाब आणि आकारमान यांचं नातं सांगणारा बॉइलचा नियम शिकताना फळ्यावरचा वाटतो, त्या दिवशी तो माझ्या पायाशी ठेवलेला होता: सिलिंडर १० लिटरचा, दाब १००, म्हणजे साधारण १००० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला १० लिटर सोडला तर १०० मिनिटं. पुढे कुंभार्ली घाट, पाऊस आणि ट्रकांची रांग.

पण सिलिंडर जास्त वेळ टिकावा म्हणून पेशंटचा ऑक्सिजन कमी करायचा नसतो. म्हणून आधी स्वतःला विचारलं, सिलिंडर भरलेला असता तर काय केलं असतं? तरीही ऑक्सिजन कमीच केला असता. अशा पेशंटला बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ पुरे. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट जात नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आवळून ठेवतं. भरमसाट ऑक्सिजनने त्या सैल होतात आणि रक्त वायुविजन नसलेल्या जागी फुकट फिरतं. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की त्याने धरलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. श्वासाची ओढही थोडी मंदावते. मात्र मास्क एकदम काढणं त्याहून वाईट. फुप्फुसातल्या वायुकोशात कार्बन डायऑक्साइडने जागा अडवलेली असते. वरून साध्या हवेवर टाकलं तर ऑक्सिजन धाडकन कोसळतो.

बॅगेतून व्हेंचुरी मास्क काढला, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात ऑक्सिजन देणारा मास्क, त्याला २८ टक्के ऑक्सिजनचा पांढरा जेट (बारीक भोकाची तोटी) लावला, फ्लो ४ वर आणला. बारीक भोकातून ऑक्सिजन वेगाने सुटतो आणि बाजूच्या खिडक्यांतून आपल्या दहापट हवा ओढून घेतो. पेशंटला मिळते मिनिटाला सुमारे ४४ लिटर हवा, ठरलेल्या प्रमाणाची.

आकडा उतरू लागला. ९७, ९४, ९१. मुलाचा चेहराही उतरला. "सर, ९९ होतं ना? कमी का केलंत?"

"दादा, मीठ जास्त झालं तरी जेवण बिघडतंच ना? हे औषध आहे, मापात द्यायचं."

तो गप्प बसला, पण डोळे आकड्यावरच. घाटात गाडी थांबली, बाहेर धुकं, आत गारठा. मी आजींची नाडी मोजत असताना आकडा ९६ वर गेला. काही सुचेना. फ्लोमीटरची गोळी ४ वरच. मग दिसलं: मुलाने मायेने शाल गळ्यापर्यंत ओढली होती आणि तिच्या घडीखाली मास्कच्या खिडक्या झाकल्या गेल्या होत्या. हवा ओढायला वाट नाही, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण वाढणारच. शाल खाली सरकवली. पाच-सात मिनिटांत पुन्हा ९०. घाटमाथ्यावर ८८ सुद्धा झालं, तिथे हवेचा दाबच जरा कमी. मी फ्लोला हात लावला नाही.

पाटणच्या अलीकडे आजी स्वतःहून म्हणाल्या, "पाणी." मला केवढं बरं वाटलं!

कराडला पोहोचायला तीन तास लागले. काटा २० च्या जरासा वर होता. एबीजीत पीएच ७.२४, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं; कार्बन डायऑक्साइड ८२, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट. लगेच बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारं यंत्र, लावलं आणि दुसऱ्या सकाळी आजी चहा मागत होत्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं घरगुती यंत्र, लिहून दिला. मी त्याच्या फ्लोमीटरवर १ च्या रेघेशी चिकटपट्टी लावली, वर पेनने लिहिलं: याच्या वर नाही. मुलाने ती दोनदा वाचली. मग हळूच म्हणाला, "घरात गॅस आहे सर, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागते."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ऑक्सिजन चालू असताना चूल का पेटवायची नाही, हे पहिल्यापासून सांगायला घेतलं.