ओके कोणी दाबलं?

इचलकरंजीत कॉम्प्युटर मेंटेनन्सची कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे सूतवाले, यंत्रमागवाले आणि त्यांचे टॅक्सवाले. निम्मा दिवस प्रिंटरमध्ये जातो, त्याबद्दल न बोललेलंच बरं. हा किस्सा एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातला आहे, सगळं मिटलंय म्हणतात पण माझ्या डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय.

ऑफिसात साहेब, एक जुने अकाउंटंट काका आणि डाटा एंट्रीला एक मुलगी. काका सगळ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायचे. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला ३बी (जीएसटीचा टॅक्स भरायचं रिटर्न). चांगलं चाललं होतं. पण साहेबांनी कुठंतरी बघितलं आणि मला म्हणाले, कॉम्प्युटरवरच पॉप-अप यायला पाहिजे, कॅलेंडरकडं कोण बघतंय. म्हटलं मोबाईलवर अलार्म लावा की. तर ऑफिसात मोबाईल ड्रॉवरमध्ये, हा साहेबांचा स्वतःचाच नियम.

आता लोकांना वाटतं पॉप-अप लावणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. विंडोज सेव्हनमध्ये होतंच तसं, टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) 'डिस्प्ले अ मेसेज' असा सरळ पर्याय होता. विंडोज ८ पासनं तो नावाला दिसतो, चालत नाही. मेसेज दाखवणारी एमएसजी नावाची कमांड आहे, ती विंडोजच्या होम एडिशनमध्ये नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर कायम होमच असतं कारण घेताना कोण विचारतंय. मग उरतं काय, तर नोटपॅडमध्ये दोन ओळींची व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे विंडोज चालवतं असा छोटा प्रोग्राम, लिहायची आणि ती शेड्युलरला द्यायची. (ही व्हीबीस्क्रिप्टपण आता जाणारच आहे, मग पॉवरशेलमध्ये परत सगळं लिहायचं.) मेसेज मराठीत पाहिजे असेल तर फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-१६ घ्यायचं, यूटीएफ-८ ठेवलं तर 'आज ३बी भरा' च्या जागी नुसता कचरा येतो. मेसेजबॉक्सला ४०९६ चा आकडा द्यायचा, म्हणजे बॉक्स टॅलीच्या डोक्यावर बसतो, नाहीतर मागं लपून राहतो आणि दिवसभर कुणाला कळत नाही.

खरी गंमत पुढं आहे. 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' (लॉगिन असो वा नसो, चालव) हा पर्याय वाचायला लई दमदार वाटतो म्हणून पोरं तोच निवडतात, पण तसं केलं की टास्क अशा सेशनमध्ये चालतो जिथं स्क्रीनच नाही, बॉक्स उघडतो पण बघणारं कोणी नसतं. म्हणून 'फक्त लॉगिन असताना' हेच ठेवायचं. लॅपटॉप असेल तर एसी पॉवरची टिक काढायची, ती आधीपासनं मारलेली असते आणि लाईट गेली की टास्क सुरूच होत नाही. वेळ चुकली तर मशीन चालू झाल्यावर लगेच चालव, ही टिक मारायची, ती आधीपासनं नसते. आणि सगळ्यात चोरटी सेटिंग म्हणजे आधीचा बॉक्स कुणी बंदच केला नसेल तर टास्क अजून चालू आहे असं समजून विंडोज नवीन बॉक्स उघडतच नाही, तीसुद्धा बदलायची. शेवटी हिस्टरी, म्हणजे कुठला टास्क कधी चालला याची नोंद, चालू करायची, ती बंद असते. हे शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत. मी करतो, कारण गिऱ्हाईक उद्या काय म्हणणार हे मला आज माहीत असतं.

आणि म्हणालेच. महिन्याच्या २५ तारखेला साहेबांचा फोन, आवाज चढलेला. "तुझा पॉप-अप आलाच नाही." एका सूत व्यापाऱ्याची ३बी राहिली होती. दिवसाला ५० रुपये लेट फी, ती एक वेळ ठीक, पण टॅक्सपण भरायचा राहिलेला, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, आणि तो व्यापारी समोर खुर्चीत बसलेला.

गेलो, काही न बोलता हिस्टरी उघडली. २० तारीख. इव्हेंट २००, ॲक्शन सुरू, १०:३०:०१. इव्हेंट २०१, ॲक्शन संपली, १०:३०:०३. समजावून सांगितलं, बॉक्स आलेला, आणि दोन सेकंदांत कुणीतरी ओके दाबून घालवलेला. मेसेज दोन ओळींचा होता, दोन सेकंदांत तो वाचूनपण होत नाही. लोकं डास मारल्यासारखं ओके मारतात, हे मी रोज बघतो.

मी स्क्रीनकडं बोट दाखवत होतो आणि खोलीतली सगळी माणसं काकांकडं बघायला लागली. मशीन त्यांच्या टेबलावर आहे ना. व्यापारी म्हणाला, "काय ओ काका." काका काहीच बोलले नाहीत. चष्मा काढला, ड्रॉवर उघडला, बँकेची एक काउंटरफॉईल काढून टेबलावर ठेवली. २० तारखेचा शिक्का. मग म्हणाले, "साहेब, दहाला तुम्हीच पाठवलं होतं मला, साडेअकराला आलो."

आता डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राईव्हसारखा असतो तो) त्याच मशीनला असतो. सही करायची असली की साहेब तिथं येऊन बसतात. मुलीचं टेबल पलीकडच्या खोलीत. मी कुणाचं नाव घेत नाही, हिस्टरीतपण नाव नाही, कारण ऑफिसात सगळे एकाच लॉगिननं बसतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आहे. साहेब म्हणाले, "बरं बरं, चहा सांगा रे." व्यापाऱ्याची लेट फी साहेबांनी स्वतःच्या खिशातनं भरली असं नंतर कळलं. काकांना कुणी सॉरी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्यानंतर मी स्क्रिप्ट बदलून दिली. आधी मेसेजबॉक्स, मग इनपुटबॉक्स (उत्तर टाईप करायचा बॉक्स), कारण इनपुटबॉक्सला ते ४०९६ चालत नाही, तो मागं लपू शकतो. त्यात विचारतो, किती क्लायंटची ३बी राहिली? शून्य टाकेपर्यंत दर अर्ध्या तासानं परत उगवतो, कॅन्सल केलं तरी. काय टाकलं ते वेळेसकट एका टेक्स्ट फाईलमध्ये जातं. साहेब म्हणतात डोकं खातंय हे. काका म्हणतात असू दे. भिंतीवरचं लाल पेनपण त्यांनी चालूच ठेवलंय, विचारत पण नाहीत कुणाला.

मागच्या खेपेला राऊटर बघायला गेलो तर काका हळूच म्हणाले, "त्या फाईलीत टाकणाऱ्याचं नाव येईल का रे? प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करून?" येईल की, अर्ध्या तासाचं काम आहे. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "त्याची काही गरज नाही, उगाच घरच्या माणसांवर पाळत."

एएमसीचा, म्हणजे माझ्या वर्षाच्या मेंटेनन्सचा, चेक साहेबांच्या सहीचा असतो. वेगळी लॉगिनं अजून केलेली नाहीत.