५४ व्या वर्षी हातात गरी घेतली, त्याची गोष्ट

खरं सांगायचं तर मला शिकार करायची होती. हसू नका, आमच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, माजघरात खुंटीला टांगलेली, आणि मी शाळेत असताना ती नुसतीच टांगलेली असली तरी तिच्या गोष्टी रोज रात्री जेवताना निघायच्या. गावातले पंधरा-वीस जण पारधीला जायचे, हाकारे एका अंगाने रान उठवत यायचे आणि बाकीचे वाटा धरून बसायचे, भेकरू पडलं की वाटे व्हायचे त्यात कुत्र्याचासुद्धा वाटा निघायचा. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं तर आजोबा सांगायचे ते बसणं. तीन तीन तास, विडी नाही, खोकला नाही, मच्छर चावला तरी हात हलवायचा नाही.

पण माझा जन्म १९६९ चा आणि वन्यजीव कायदा आला १९७२ ला, म्हणजे मी नीट चालायला शिकेपर्यंत हे सगळं कागदोपत्री संपायला लागलेलं होतं. भेकर, सांबर, पिसोरी कशालाच हात लावायचा नाही, आणि लावूही नये, आता उरलंय किती ते रान. बंदूक पुढे काकांनी देऊन टाकली. दर इलेक्शनला ठाण्यात नेऊन जमा करा, परत आणा, परवाना रिन्यू करा, मुंबईतून कोण येणार एवढ्यासाठी.

तर २०२३ ला मी नोकरी सोडून डोंबिवलीतून गावी आलो. गाव आमचं विजयदुर्गच्या खाडीत, वाघोटणच्या काठाला, घरापासून पाणी दहा मिनिटं. पहिला महिना घराची कौलं, वायरिंग, पंपाची मोटर यातच गेला, आणि मग एका रात्री मागच्या कातळावर भेकर भुंकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगतो, अगदी कुत्र्यासारखं भुंकतं, फक्त एकेकदा, थांबून थांबून. मी अंथरुणात उठून बसलो आणि ती जुनी हौस परत डोक्यात गेली. सकाळी शेजारच्या आबांना म्हटलं, आबा मला काहीतरी पारधीसारखं करायचंय, जेलमध्ये न जाता. आबा म्हणाले, "मगे गरवूक चल. थयसर पण बसूकच लागता."

गरवणं म्हणजे गरी, म्हणजे गळ, टाकून मासे पकडणं, मुंबईकरांसाठी सांगितलं.

आता मी ऑफिसवाला माणूस, कुठलीही गोष्ट आधी विकत घेऊन सुरू करणार. आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून नऊ फुटी रॉड, ४००० साइजचं स्पिनिंग रील, ३० पाउंडाची ब्रेडेड लाइन, लीडर, स्विव्हल, चार रंगाचे लुअर (खोटं आमिष), सगळं मिळून ६८०० रुपये. बायको म्हणाली, "एवढ्या पैशात वर्षभर बाजारातनं मासे आणले असते की हो." मी म्हटलं तुला नाही कळायचं. (तिला सगळं कळत होतं हे पुढे येईलच.)

पहिल्या दिवशी गावच्या धक्क्यावर गेलो तर तिथे एक अकरा-बारा वर्षांचा पोरगा आधीच बसलेला, हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, तिला तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि एक गरी, आमिषाला सोललेली कोळंबी. एकूण खर्च फार तर पन्नास रुपये. मी रॉड जोडला, स्टाइलमध्ये मागे नेला आणि फेकला, लुअर गेला पंधरा फूट आणि रीलवर लाइनच्या अशा जटा झाल्या की त्या सोडवायला पाऊण तास लागला. तेवढ्यात पोराने दोन काळुंदर आणि एक बऱ्यापैकी खरबा काढला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "काकानू, नळी बरी आसा, पण गरी खय पडता ता बघा."

पुढचे अडीच महिने मला एकही खाण्यालायक मासा मिळाला नाही. मिळाले ते केंड. केंड ज्याला माहीत आहे तो आत्ता हसला असेल, बाहेर काढला की फुगून चेंडू होतो, दात असे की हुकाची वरची लाइन कातरून टाकतो, आणि विषारी म्हणून मांजरालासुद्धा घालायचा नाही. एका सकाळी सात हुक गेले माझे, सात. बायको दारात उभी, "काय गावलं?" आणि मी "हवा बरी होती."

चूक काय होत होती ते आबांनी एका वाक्यात सांगितलं. मी दर रविवारी नाश्ता करून नऊ वाजता जायचो, का तर सुट्टीची सवय. आबा म्हणाले, "तुज्या घड्याळावर मासो येवचो नाय. सुकतीक येऊन काय खडपां गरवतंस?" (सुकती म्हणजे ओहोटी, खडपां म्हणजे खडक.) मग त्यांनी ते गणित सांगितलं जे खाडीकाठच्या म्हाताऱ्यांना सगळ्यांना येतं आणि मला गावचा असून येत नव्हतं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी सुकती. मी ॲपवर ताडून बघितलं, अर्धा तास इकडेतिकडे होतो पण जमतं, आणि पंचांगाला चार्जिंग लागत नाही. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मेल्यासारखं. आमच्या धक्क्यावर काम होतं ते पाणी चढत असताना, कारण चढत्या पाण्याबरोबर बारकी कोळंबी, बोयीची पिल्लं काठाला येतात आणि त्यांच्या मागे मोठे येतात. हे कळल्यावर वाटलं अरे ही पारधच की, फक्त हाकारा समुद्र घालतो.

लुअर आता पेटीत पडून आहेत. आमिष म्हणून कोळंबी, म्हाकलाचा तुकडा, आणि तांबोशी माशासाठी जिवंत बोय, शेपटीच्या वर पाठीतून गरी घालायची म्हणजे ती पोहत राहते.

मध्ये एक अपघात. ऑक्टोबरात शेंगटी लागली, अर्धा किलोची असेल, उत्साहात मी तिला हाताने धरायला गेलो आणि पंखाचा काटा सरळ अंगठ्याच्या खाली. साध्या काट्यासारखं नसतं हो ते, त्याला विष असतं, पाच मिनिटांत हात कोपरापर्यंत ठणकायला लागला, मला घाम फुटला, वाटलं हार्टचं काहीतरी आहे. पोरगा धावत जाऊन त्याच्या आईकडून कढत पाण्याचं पातेलं घेऊन आला. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, भाजेल इतकं नको, बधिर हाताला भाजलेलं कळत नाही म्हणून आधी दुसऱ्या हाताने बघायचं. उष्णतेने ते विष निकामी होतं. तासाभरात दुखणं निम्म्यावर आलं, मग डॉक्टरकडे जाऊन काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पाकटाच्या काट्यालाही हाच उपाय. तेव्हापासून बॅगेत पक्कड आणि जाड फडकं कायम, आणि शेंगटी दिसली की मी आधी दोन पावलं मागे.

रीलची पण एक गोष्ट. गणपतीत आठ दिवस खाऱ्या पाण्यातून आणलेलं रील तसंच पडवीत राहिलं, मग हँडल फिरेना. दर वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवायचं, पुसायचं, ड्रॅग (लाइन सुटायचा ब्रेक) सैल करून ठेवायचा, हे बॉक्सवरच्या कागदात लिहिलेलं होतं, वाचतो कोण.

आणि मग नोव्हेंबरात तांबोशी. शुक्ल नवमी होती, भरती पावणेसातची, मी आणि आबा साडेचारला जाऊन खाडीच्या वळणावरच्या खडपावर बसलो. आबा बोलत नाहीत, मी पण तोपर्यंत शिकलो होतो न बोलायला. ऊन उतरलं, समोर कांदळवनात बगळे येऊन बसायला लागले, पाणी एकेक कालव गिळत वर येत होतं. दीड तास काही नाही. गंमत म्हणजे मला कंटाळा आला नाही, ऑफिसात दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये पाय हलवणारा माणूस मी. आणि मग एकदम रॉड वाकला, म्हणजे वाकला नाही, खाली खेचला गेला, रीलमधून लाइन सुटल्याचा तो आवाज, आबा ओरडले "खडपात जावक देव नको रे!" कारण तांबोशी लागली की पहिली धाव खडकाच्या कपारीत घेते, तिथे घासून लाइन तुटली की संपलं. मी ड्रॅग जरा आवळला, रॉड उंच धरला, गुडघे लटपटत होते, किती वेळ गेला माहीत नाही, आबा म्हणतात चार मिनिटं. तांब्याच्या रंगाचा मासा आबांनी जाळीत घेतला. पावणेदोन किलो.

आता इथे मी अडकलो. तो खडपावर उडत होता आणि आबांनी माझ्या हातात दांडकं दिलं. "तुजो मासो, तूच मार. तडफडत ठेवचो नाय." मी जन्मापासून मासे खातोय, पण तोवर एकही स्वतः मारलेला नव्हता, पापलेट-सुरमई यायची ती बर्फात, डोळे पांढरे झालेली. हात थरथरला, पहिला घाव चुकला, दुसरा डोक्यात बसला आणि तो शांत झाला. त्याचा रंग हळूहळू उतरत जाताना मी बघत बसलो. आजोबांच्या गोष्टींत हा भाग कधीच आला नव्हता, किंवा ते सांगत असतील आणि आम्ही पोरं वाट्यांच्या गोष्टीकडे पळत असू.

घरी बायकोने काही न विचारता विळी काढली. अर्ध्याचं तिखलं, अर्धा तळला, डोकं आबांकडे कारण डोक्याचं सार त्यांना लागतं, आणि दोन तुकड्या त्या पोराच्या घरी. वाटे झालेच शेवटी.

आता दोन वर्षं होत आली. मी अजून वाईटच गरवतो, पोरगा आता आठवीत आहे आणि अजून माझ्यापेक्षा जास्त काढतो. वीतभराच्या आतली तांबोशी मी परत सोडतो. राज्य सरकारने २०२३ ला ५४ जातींची कमीत कमी लांबी ठरवली ती मच्छीमारांसाठी, माझं हे आपलं घरगुती माप. जून-जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते तेव्हा मी पण खडपावर जात नाही, त्याला कारण वेगळं, पावसात कातळावर शेवाळ येतं आणि लाट मागून कधी येईल सांगता येत नाही. एरवीही एकटा जात नाही, आणि बसायच्या आधी परतायची वाट भरतीत पाण्याखाली जाते का ते बघून ठेवतो. एकदा नाही बघितली, छातीभर पाण्यातून रॉड डोक्यावर धरून आलो, मोबाइल गेला. बायकोला अजून सांगितलंय की तो धक्क्यावरून पडला.

उद्या एकादशी आहे, भरती सव्वाआठची. पाचला निघायचं तर बोयीची पिल्लं आजच बादलीत धरून ठेवायला हवीत, आणि आबांचा गुडघा दुखतोय म्हणून ते येतात की नाही ते अजून विचारायचंय.