मला आता कोणी उचलत नाही

दिवसातून चार वेळा मला कोणीतरी उचलायचं. सकाळी घरून ऑटोत, मग ऑटोतून शाळेच्या दारातल्या चाकांच्या खुर्चीत, आणि संध्याकाळी पुन्हा तेच उलट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी राहते. मी शिकवते ती शाळा जिल्हा परिषदेची, घरापासून अकरा किलोमीटरवर. २०१७ च्या पावसाळ्यात स्कूटीवरून घरी येत होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती डांबरावर आणून टाकली होती, तिच्यावरून गाडी घसरली आणि मी नाल्याच्या पुलावरून खाली गेले. मणका मोडला, कमरेखालची हालचाल आणि संवेदना दोन्ही गेल्या. हात राहिले, नोकरी राहिली.

उचलणारी माणसं चांगलीच होती, हे आधी सांगते. ऑटोवाला भाऊ तर दर वेळी "मॅडम, उचलू का?" असं विचारायचा आणि नजर खाली ठेवायचा. पण पदर सावरायला हात मोकळा नसताना भर चौकात परपुरुषाच्या हातांवर जायचं, आणि तेही रोज चार वेळा, याची सवय मला दोन वर्षांतही झाली नाही. दादा उचलायचा तेव्हाही नाही. त्याची पाठ दुखायला लागली होती आणि तो मला ते सांगत नव्हता.

गाडी चालवणं त्यामानाने लवकर जमलं. ऑटोमॅटिक गिअरची छोटी गाडी घेतली, तिला हाताने चालवायचा दांडा बसवला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर. स्टिअरिंगवर एक गोल मूठ लावली, म्हणजे एका हाताने वळवता येतं. आमच्या भागात असा दांडा असलेली शिकवणीची गाडी कुठेच नाही, म्हणून आधी गाडी घ्यायची, तिच्यात बदल करून तो आरसी बुकात नोंदवायचा, आणि मग तिच्यावरच शिकायचं, असा उलटा क्रम पडला. शिकाऊ लायसन्स निघालं की तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्याची परीक्षा द्यायची, हे सगळ्यांना असतं तसंच. कायद्यात आधी अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगाची गाडी, म्हणायचे. २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द जाऊन 'ॲडाप्टेड व्हेइकल', म्हणजे बदल करून घेतलेली गाडी, हा शब्द आला. मला त्या बदलाचं खरंच बरं वाटलं, कारण शब्द आता गाडीबद्दल बोलतो, माझ्याबद्दल नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "गाडीत तुम्हाला बसवतं कोण?" तेव्हा दादाच बसवत होता. त्या प्रश्नाला उत्तर देताना मला जे वाटलं, त्यातून पुढचं सगळं झालं. चालवता येतं पण बसता येत नाही, म्हणजे मी अजूनही दुसऱ्याच्याच वेळेवर होते.

गाडी निवडताना केलेली एक गोष्ट कामी आली होती. सगळे म्हणत होते, उंच गाडी घे, आपल्या रस्त्यांना तीच बरी. मी शोरूममध्ये शिंप्याचा टेप घेऊन गेले. माझ्या खुर्चीची उशीसकट उंची २० इंच. उंच गाडीची सीट २८ इंच निघाली. आठ इंच वर चढायचं म्हणजे सगळं वजन खांद्यांवर. खुर्चीवरच्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय, ते झिजवायचे नाहीत. उलट एका लांबट गाडीची सीट १८ इंच होती. तिच्यात घसरत जाता आलं असतं, पण बाहेर येताना चढ. शेवटी २२ इंचांची घेतली. दार किती उघडतं तेही पाहा. दार अर्ध्यावरच थांबलं तर खुर्ची सीटजवळ जातच नाही.

सेवाग्रामच्या रुग्णालयात मला पलंगावरून खुर्चीत सरकायला शिकवलं होतं. त्याला तिथे ट्रान्सफर म्हणतात. आमच्या खात्यात ट्रान्सफर म्हणजे बदली, त्यामुळे तो शब्द ऐकून पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळाच आला होता. पलंगाला आणि खुर्चीला मध्ये फट नसते. गाडीला असते. सीटच्या बाहेर उंबरठ्यासारखी पत्र्याची पट्टी, तिच्यापलीकडे खुर्चीचं मोठं चाक. माझी फट आठ इंचांची. तिच्यावरून जायला सरकफळी लागते. विकत मिळते, पण मी आमच्या गावच्या सुतारबाबांकडून सागाची करून घेतली. सव्वादोन फूट लांब, नऊ इंच रुंद, पाऊण इंच जाड. दोन्ही टोकं रंध्याने उतरती केली, नाहीतर सीटखाली जात नाही. कडा गोल, पॉलिश पेपरने चार वेळा घासून वर मेण. बाबांनी विचारलं, "वजन किती हाये बाई तुमचं?" मी अठ्ठावन्न सांगितलं. त्यांनी फळी दोन विटांवर ठेवली आणि स्वतः मुलासकट तिच्यावर उभे राहिले. मग म्हणाले, "आता न्या."

आता मी बसते कशी, ते नीट सांगते. कोणाला तरी उपयोगी पडेल.

गाडीचं दार पूर्ण उघडायचं. गाडीचं तोंड जिकडे, तिकडेच खुर्चीचं तोंड करून, ती जरा तिरकी, सीटला भिडवायची. आधी थोडं पुढे जाऊन मग मागे यायचं, म्हणजे पुढची लहान चाकं पुढच्या बाजूला फिरतात आणि खुर्ची तोंडावर उलटत नाही. हे मला एकदा उलटल्यावर समजलं. दोन्ही ब्रेक. डावा हात-टेकू काढून मागच्या सीटवर. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून गाडीत. डाव्या मांडीखाली फळी, दुसरं टोक सीटवर. फळीखाली बोटं ठेवायची नाहीत, चिरडतात. डावा हात सीटवर, उजवा खुर्चीच्या चाकावर. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, डोकं उजवीकडे आणि खाली. डोकं जिकडे जातं त्याच्या उलट कंबर जाते. मी महिनाभर जिकडे जायचं तिकडे डोकं नेत होते आणि दाराच्या चौकटीवर आपटत होते. एका झटक्यात जायचं नाही, तीन-चार वेळा थोडं थोडं सरकत जायचं. शेवटी उजवा पाय आत.

साडीचं वेगळं सांगते, कारण पुरुष ते सांगणार नाहीत. सुती साडी फळीला चिकटते. आपण सरकतो, साडी तिथेच राहते. त्यामुळे नुसती साडी सुटत नाही, तर कातडीही ओढली जाते, आणि संवेदना नसलेल्या कातडीला ओरखडा म्हणजे जखमेची सुरुवात. मी सुळसुळीत कापडाची सलवार शिवून घेतली. शाळेत आधी दोन बायका बोलल्या, मग बोलणं थांबलं.

आत बसल्यावर अर्धं काम बाकी असतं, कारण खुर्ची बाहेर. माझी जुनी घडीची खुर्ची सतरा किलोची होती, ती बसल्या बसल्या ओढणं शक्यच नव्हतं. पैसे साठवून हलकी घेतली. हिच्या मोठ्या चाकांच्या मधोमध बटण असतं, दाबलं की चाक निघतं. सीटची पाठ मागे टाकते, आधी उशी, मग एक चाक, मग दुसरं, शेवटी सांगाडा छातीवरून पलीकडच्या सीटवर. पावसाळ्यात हाच सांगाडा काळ्या मातीने माखलेला असतो. ती माती चाकाला अशी धरते की चाक फिरायचं थांबतं. मी दारात एक उलथणं आणि गोणपाट ठेवते. उलथण्याने माती खरवडायची, गोणपाट अंगावर घ्यायचं, मग सांगाडा.

पहिल्या दिवशी या सगळ्याला बावीस मिनिटं लागली. आई ओट्यावर बसून रडत होती. "कायले एवढा आटापिटा करतं बाई? भाऊ हाये नं उचलायले." मी घामाने निथळत होते, उत्तर द्यायला दम नव्हता. आता सहा-सात मिनिटं लागतात.

एक चूक महागात पडली. मे महिना, पारा ४४ वर, गाडी दुपारभर शाळेच्या मैदानात उन्हात. बसले, निघाले, घरी आले. रात्री आईला मांडीवर रुपयाएवढा फोड दिसला. बेल्टचं लोखंडी बक्कल मांडीखाली आलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. तो फोड भरायला दोन महिने गेले, त्यातले कितीतरी दिवस पालथं पडून. तेव्हापासून बसायच्या आधी सीटवर, बक्कलवर, दाराच्या पत्र्यावर हाताचा पालथा पंजा फिरवते. उन्हाळ्यात ओला टॉवेल आधी टाकून ठेवते. खुर्चीवरच्या प्रत्येकाने हे करावं, हिवाळ्यातही करावं, म्हणजे हात आपोआप जातो.

उतरणं म्हणजे हेच सगळं उलट, फक्त दोन इंच उतार मिळतो. पण उतरायला जागा लागते. आपल्याकडे चालकाचं दार उजवीकडे, म्हणजे रस्त्यावर ते रहदारीच्या अंगाला उघडतं. म्हणून रस्त्याच्या कडेला मी उतरतच नाही, आवारात जाते. आवारात काय होतं? एका कचेरीत काम आटोपून बाहेर आले तर माझ्या दाराला लागून मोटारसायकल उभी. मालक आत कुठेतरी. पन्नास मिनिटं उन्हात थांबले. मोटारसायकलवाला आला, म्हणाला, "ताई, एवढी जागा तर सोडली होती." त्याने सोडलेली जागा खरंच चालणाऱ्या माणसाला पुरेशी होती. सार्वजनिक इमारतींच्या नियमावलीत आमच्या गाडीसाठी जागेची रुंदी ३.६ मीटर सांगितली आहे, ती याच फटीसाठी, याच खुर्चीसाठी. त्या आवारात तशी पट्टी आखलेली नव्हती. मी तिथे लेखी अर्ज दिला आहे, पोच जपून ठेवली आहे, आणि परत जाणार आहे.

शाळेत मात्र सोय झाली. चौथीला लांबी-रुंदी शिकवत होते, मीटर टेप मुलांच्या हातात होता. मी म्हटलं, माझ्या गाडीची जागा मोजा. त्यांनी गाडी मोजली, खुर्ची मोजली, मला बसताना पाहिलं, कोपर कुठपर्यंत जातं तेही एका मुलीने मोजलं. मग खेळाच्या मैदानाची फक्की आणून कडुलिंबाच्या सावलीत चौकोन आखला. पावसाने पुसला गेला की सोमवारी परिपाठाआधी ती पोरं पुन्हा आखून ठेवतात, आणि सरांची मोटारसायकल आत आली तर सरांनाही सांगतात.