लोकसभेचा एक दिवस, आठवी 'ब'च्या वर्गात

शुक्रवार, 20 डिसेंबर 2024. मधल्या सुट्टीत आठवीची मुलं मैदानात दोन रांगा करून एकमेकांना ढकलत होती. हा कुठला खेळ, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "बाई, संसद-संसद!" आदल्या दिवशी संसदेच्या मकर द्वारापाशी सत्ताधारी आणि विरोधी खासदारांत धक्काबुक्की झाली होती आणि तिचे व्हिडिओ प्रत्येक घरातल्या फोनवर फिरत होते.

मी ठाण्यात, कोपरीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. 'भारताची संसद' हा धडा याच मुलांना मीच शिकवला होता. लोकसभेची मुदत 5 वर्षं, राज्यसभा हे कायमस्वरूपी सभागृह, सगळं पाठ. त्या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मुलं ढकलाढकली करत होती, हे मला फार लागलं. तासाला विचारलं, "मंगळवारी लोकसभेत काय झालं?" एकही हात वर आला नाही. आणि मलाही मथळ्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. 'एक देश, एक निवडणूक', म्हणजे लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्यायचं विधेयक मांडलं गेलं, एवढंच.

25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन असतो. दरवर्षी प्रतिज्ञा होते, प्रभातफेरी निघते. यंदा 17 डिसेंबरचा तो मंगळवार वर्गात उभा करायचा, असं मी त्याच तासाला सांगून टाकलं. त्यासाठी काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते आहे, दुसऱ्या कुणा शिक्षकाला उपयोगी पडेल.

आधी माझी बाजू सांगते, कारण मी कोऱ्या मनाने या कामाला लागले नव्हते. 2024 मध्ये ठाण्यात 20 मे रोजी लोकसभेचं मतदान झालं आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्ही वेळा मला निवडणूक ड्युटी होती. दोन्ही वेळा प्रशिक्षणं, आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायची रांग, पहाटे पक्षांच्या मतदान प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप मतदान (मॉक पोल), संध्याकाळी यंत्र सीलबंद करून परत देणं. मे महिन्यात निदान सुट्टी होती. नोव्हेंबरात मात्र दिवाळीनंतर शाळा उघडते न उघडते तोच निम्मा स्टाफ ड्युटीवर गेला आणि वर्ग ओस पडले. त्यामुळे 'काय त्या निवडणुका एकदाच घ्या' हे माझं ठाम मत होतं. या विधेयकाला कुणी विरोध का करावा, हेच मला कळत नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत बसले. संसद टीव्हीच्या यूट्यूब चॅनेलवर त्या दिवसाचं कामकाज मिळालं. सकाळी 11 ला प्रश्नोत्तराचा तास, तो संपल्यावर 12 च्या सुमारास विधेयक. सोबत लोकसभेच्या संकेतस्थळावरचं शब्दशः इतिवृत्त उघडलं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती. व्हिडिओत पाच-पन्नास आवाज एकाच वेळी कानावर येतात आणि काही म्हणजे काही कळत नाही. इतिवृत्तात मात्र बोलणाऱ्याचं नाव, त्याखाली त्याचं वाक्य, आणि गोंगाट झाला की तीन टिंबं देऊन कंसात एकच शब्द, 'व्यवधान'. मग पुन्हा वाक्य सुरू. लघुलेखकांनी कुणाचीही बाजू न घेता तो गदारोळ एका शब्दात बसवलेला असतो. अध्यक्षांनी नोंदीवर जाऊ न दिलेले शब्द असतात तिथे फक्त चांदणी. मी पेन्सिलीने प्रत्येक 'व्यवधान'भोवती गोल करत गेले आणि मग गोल सोडून उरलेलं वाचलं. उरलेलं पुष्कळ होतं.

भाषेची अडचण मोठी. इतिवृत्तात हिंदी भाषणं हिंदीत, इंग्रजी भाषणं इंग्रजीत. सभागृहात खासदारांना मराठीसह अनेक भाषांतून तत्काळ भाषांतर ऐकता येतं, पण माझ्या हातात मराठी कागद नव्हता. महत्त्वाचा भाग मीच रात्री मराठीत उतरवला. 'लेजिस्लेटिव्ह कॉम्पिटन्स'ला 'कायदा करण्याची कक्षा' म्हटलं आणि पुढे गेले.

घडलं ते असं. कायदामंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी संविधानाच्या 129 व्या दुरुस्तीचं हे विधेयक मांडायला सभागृहाची अनुमती मागितली. मला वाटायचं, विधेयक मांडणं हा निव्वळ उपचार. पण लोकसभेच्या नियम 72 प्रमाणे तिथेच विरोध करता येतो, आणि 'हा कायदा करणं या सभागृहाच्या कक्षेतच नाही' असा मुद्दा असेल तर अध्यक्ष त्यावर चर्चा होऊ देऊ शकतात. काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी संविधानाच्या मूलभूत चौकटीवर बोट ठेवलं. ही चौकट संसदेलाही बदलता येत नाही, असा निकाल देणारा केशवानंद भारती खटला, 1973, मी दरवर्षी तीन ओळींत शिकवते तोच. सुप्रिया सुळे यांनी विरोध केला आणि विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवायची मागणी केली. आमच्या शेजारच्या कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे समर्थनात उभे राहिले. मेघवालांचं उत्तर होतं की मूलभूत चौकटीला धक्का लागत नाही आणि राज्यांचे अधिकारही कमी होत नाहीत. अमित शहांनीही विधेयक समितीकडे पाठवायची तयारी दाखवली.

या सगळ्यात मी एका कलमाशी अडखळले. कलम 172 मधली प्रस्तावित दुरुस्ती. त्या व्यवस्थेत एखादी विधानसभा मधेच बरखास्त झाली, तर नवी विधानसभा निवडून येणार ती फक्त उरलेल्या मुदतीपुरती. समजा चार वर्षांनी सरकार पडलं, तर मतदार पुन्हा रांगेत उभे राहणार आणि निवडून देणार एका वर्षापुरतं. माझी ड्युटी तर वाचलीच नाही! हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मत बदललं असं नाही म्हणणार. 1951-52 पासून 1967 पर्यंत बहुतेक ठिकाणी दोन्ही निवडणुका एकत्रच होत होत्या, हेही खरं आहे आणि खर्चाचा मुद्दाही खरा आहे. पण विरोध का करावा हा प्रश्न त्या रात्री संपला. समोरच्या बाकावरून आलेलं एक वाक्य मला माझ्याच मताची दुसरी बाजू दाखवून गेलं होतं, आणि ते ज्या गदारोळात बोललं गेलं त्यातून बातमीपर्यंत पोहोचलंच नव्हतं.

मग मतविभाजन. नव्या संसद भवनात यंत्राने झालेलं ते पहिलं मतदान. फलकावर आकडे आले: बाजूने 220, विरोधात 149. पण हा शेवटचा निकाल नव्हे. यंत्रात ज्यांचं मत नोंदलं गेलं नाही किंवा चुकीचं नोंदलं गेलं त्यांनी चिठ्ठ्या भरून दिल्या, त्या मोजल्या गेल्या आणि अंतिम आकडा जाहीर झाला: 269 आणि 198. मी तो भाग तीनदा पाहिला. इतकं वैर, इतका आरडाओरडा, आणि तरी एकेक चिठ्ठी मोजून होईपर्यंत सगळं सभागृह थांबलं. मतदान केंद्रावर संध्याकाळी नमुना 17 क, म्हणजे मतांचा हिशेब, भरताना हेच बघितलंय मी. दिवसभर एकमेकांकडे न बघणारे प्रतिनिधी त्या एका कागदावर ओळीने सह्या करतात.

आता शाळा. मुख्याध्यापकांना कल्पना आवडली, पण ते धास्तावलेही. ठाण्यात गेल्या दोन-तीन वर्षांत पक्ष फुटले ते घराघरांतून फुटले. आमच्या मुलांतही कुणाचे वडील शाखेत बसतात, कुणाचे काका दुसऱ्या गटात. दोन पालक येऊन गेले, "शाळेत राजकारण नको" म्हणाले. मी त्यांना माझा मराठी मसुदा वाचायला दिला. त्यात पक्षांची नावं काढून फक्त 'सत्ताधारी बाक' आणि 'विरोधी बाक' ठेवले होते. बाजू कोण घेणार हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं, आणि प्रत्येक वक्त्याने बोलण्याआधी समोरच्याचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा, ही माझी एकमेव अट होती. लोकसभेत असा नियम नाही. असता तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

वेदांतचे वडील पक्षाचे कार्यकर्ते. त्याला नेमका विरोधी बाक आला. तो आठवडाभर रुसला. "बाई, घरी काय सांगू?" मी म्हटलं, इतिवृत्त घरी ने, वडिलांना वाचून दाखव. वडिलांनी ते वाचलं आणि त्याला प्रतिवादाचे दोन मुद्दे काढून दिले, स्वतःच्या पक्षाविरुद्धचे. हे तो सोमवारी येऊन सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

तालमीत एक प्रश्न आला तो माझ्या मसुद्यात नव्हता. सानिकाने विचारलं, स्वतःच्या पक्षाचं पटलं नाही तर? मग पक्षांतरबंदी शिकवावी लागली: 1985 ची 52 वी दुरुस्ती, दहावी अनुसूची, व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्या मंगळवारीही व्हिप निघालेला होता. वर्ग जरा गप्प झाला. मग मी त्यांना सी. डी. देशमुखांची गोष्ट सांगितली. कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, निवडून गेलेला माणूस, देशाचा अर्थमंत्री. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करायचा निर्णय झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध उभं राहून मंत्रिपद सोडलं. मुलांनी ठरवलं, आपल्या लोकसभेत व्हिप नको.

25 तारखेला शनिवारची सकाळची शाळा. 44 मुलं, त्यांतली सानिका अध्यक्ष, तेव्हा मतं 43. हिरव्या, लाल आणि पिवळ्या घोटीव कागदाच्या चिठ्ठ्या प्रत्येकाच्या बाकावर, पिवळी तटस्थांसाठी. भाषणं चांगली झाली, दोन-तीन तर फारच. मधे आरडाओरडाही झाला, आणि गंमत अशी की फळ्याजवळ बसलेली आमची लघुलेखक तन्वी प्रत्येक वेळी शांतपणे मोठ्या अक्षरात 'व्यवधान' लिहायची. चौथ्यांदा लिहिल्यावर मुलं आपोआप थांबायला लागली.

वेदांत बोलायला उठला. आधी अटीप्रमाणे म्हणाला, "माननीय मंत्री म्हणतात, पैसा वाचेल, शिक्षक वर्गात राहतील. मला पटतं." मग खिशातून चुरगळलेला कागद काढला, पण त्यात बघितलंच नाही. "अध्यक्ष महोदया, ठाणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आमच्या गल्लीत पाणी तुंबतं. आई विचारते, तक्रार कुणाकडे न्यायची? तीन वर्षं होत आली, नगरसेवकच नाहीत. या विधेयकात महापालिकेचं नावही नाही. दोन निवडणुका एकत्र आणायच्या म्हणता, आमची एक तरी घ्या." दोन्ही बाकांवरून बाकं वाजली. हा मुद्दा माझा नव्हता, वडिलांनी दिलेल्या दोनांतलाही नव्हता. विधेयक लोकसभा आणि विधानसभांपुरतंच आहे, हे त्याने मी दिलेल्या कागदावरून स्वतः हेरलं होतं.

मतदान आधी हात वर करून घेतलं. सानिकाने फळ्यावर लिहिलं: बाजूने 23, विरोधात 14. एवढ्यात तन्वी म्हणाली, "बेरीज 37 होते." सहा मतं कुठे गेली? कुणी हात अर्धाच वर केला होता, कुणाचं ठरलं नव्हतं. मग चिठ्ठ्या. शिपाई मामांनी डबा फिरवला, दोन्ही बाकांचा एकेक जण मोजायला बसला. 24 हिरव्या, 18 लाल, एक पिवळी. पिवळी वेदांतची.

मग दिल्लीच्या आकड्यांचं गणित फळ्यावर मांडलं. विधेयक दाखल करायला साधं बहुमत पुरतं, म्हणून 269 विरुद्ध 198 मध्ये ते दाखल झालं. पण कलम 368 प्रमाणे संविधान दुरुस्ती मंजूर व्हायची तर एकूण सदस्यांचं बहुमत हवं, म्हणजे 543 पैकी किमान 272, आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश. 269 अधिक 198 म्हणजे 467. त्याचे दोन तृतीयांश काढायला गणितात कच्चा म्हणून ओळखला जाणारा ओंकार उठला आणि 311.33 वर थांबला. "बाई, तेहतीस पैसे माणूस कसा आणायचा?" वर्गातूनच उत्तर आलं, 312. मग त्यांनी आपलंही करून पाहिलं: 42 चे दोन तृतीयांश 28, आपल्याकडे हिरव्या 24. "म्हणजे आपलं दाखल झालं, पास नसतं झालं." प्रत्यक्ष विधेयकही पुढे 20 डिसेंबरला संयुक्त समितीकडेच गेलं, हे मी सांगितलं. समितीत शिंदेही आहेत आणि सुळेही, हे ऐकून मुलांना नवल वाटलं.

घंटा झाली तरी पोरं हलेनात. वेदांतच्या मुद्द्यावर मत झालंच नाही, अशी विरोधी बाकाची तक्रार होती, आणि यावेळी सत्ताधारी बाकही त्यांच्या बाजूने होता. सानिकाने नियम दाखवला: कार्यसूचीत नाही, तेव्हा आज नाही. पुढच्या शनिवारचा पहिला विषय म्हणून तिने फळ्याच्या कोपऱ्यात 'ठाणे महापालिका' असं लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात 'पुसू नये'.