हायड्रोजनचा आवाज स्क्रीनवर येत नाही

लेकीच्या शाळेने 'सेफ्टी कॉन्ट्रॅक्ट' घरी पाठवलं. रसायनाच्या प्रयोगशाळेत गॉगल काढला तर बाहेर, केस मोकळे सोडले तर बाहेर, आणि खाली पालकांची सही. मी मुकाट्याने केली. आम्ही ऑक्झॅलिक अॅसिड पिपेटने तोंडाने ओढलेली माणसं, हे तिला सांगायची सोय नव्हती.

एवढ्या सह्या घेऊन प्रत्यक्ष प्रयोग तसे बेताचेच. बराचसा अभ्यास लॅपटॉपवर, 'फेट'ची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, वापरून. हे फेट आमच्याच गावचं, अमेरिकेतल्या बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाचं. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या कार्ल वीमन यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं. आधी भौतिकशास्त्र, मग रसायन वगैरे.

मी सहज बघायला बसले आणि समीकरणं जुळवण्याच्या सिम्युलेशनमध्ये अडकले. अमोनिया करायचा: नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन, अमोनिया दोन. बाण दाबला की आख्खा रेणू येतो, हवं तर तराजूत दोन्ही बाजूंचे अणू मोजून घ्या. गंमत अशी की सूत्रातला खालचा आकडा बदलायची सोयच नाही. आमच्या वर्गात समीकरण जुळेना की कुणीतरी हमखास पाण्याला एक ऑक्सिजन जास्तीचा चिकटवायचं. सर "अरे, हे पाणी राहिलं का? हायड्रोजन पेरॉक्साइड झालं!" म्हणून खोडायचे. बरोबरच होतं, पण फळ्यावर तो नुसता आकडा दिसायचा. त्यामागे अणू आहेत, ते आपल्या मर्जीने जोडता येत नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी, स्वयंपाक तसाच टाकून, डोळ्यांना दिसलं.

अकरावीत छळलेला लिमिटिंग रीएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, तर इथे चक्क सँडविचने शिकवतात. पावाचे दोन तुकडे, चीजचा एक. पाव संपला की चीज उरलं. बास.

आता तक्रार. समीकरण जुळलं की स्क्रीनवर हसरा चेहरा येतो. आमची बाई तो येईपर्यंत बाण दाबत सुटते आणि "आई, झालं!" म्हणून मोकळी. काय झालं ते विचारलं की खांदे उडवते. शिक्षिका प्रत्येक बदलामागचं कारण लिहायला लावतात म्हणून ठीक, नाहीतर तो व्हिडिओ गेमच. शिवाय किप्सच्या उपकरणातून येणारा सडक्या अंड्यांचा वास, जळती काडी नेल्यावर हायड्रोजनचा 'फट्' आवाज, लिटमसने लाल झालेली बोटं, यातलं काय आहे त्यात? आमच्याकडे साठ जणांत एक परीक्षानळी होती, पण ती खरी होती. (तिच्यापर्यंत माझा नंबर क्वचितच लागायचा, ते जाऊ दे.)

मुलीच्या शिक्षणासाठी इथे राहिलो, असं मी सगळ्यांना सांगते. फेट जगभर फुकट आहे, फाइल उतरवून घेतली तर इंटरनेटशिवायही चालतं आणि मराठीतही आहे, हे त्या वेळी सहसा बोलत नाही.

तरी तासगावजवळच्या शाळेत शिकवणाऱ्या वहिनीला मोठ्या उत्साहाने लिंक पाठवली. तिचं उत्तर आलं, "अहो ताई, दहावीला तेच तर दाखवते मी. लाइट असली की."