साखर पेठेतला कडुनिंब

जुन्या सोलापुरात झाडे उतरवण्याची कामे मी बरीच वर्षे घेत आलो आहे, आणि या कामात झाडापेक्षा झाडापर्यंतची वाटच अधिक छळते. साखर पेठेतील एका वाड्याच्या मागील अंगणातला कडुनिंब मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात मुळाशी हलून झुकला. बुंध्यावर हातोडी मारल्यावर आतून पोकळ आवाज आला. तीन बाजूंना माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची, घरे, चौथ्या बाजूला यंत्रमागाची पत्र्याची शेड, आणि अंगणात शिरण्यासाठी हातगाडी कशीबशी जाईल एवढा बोळ होता.

मुख्य रस्त्यावर क्रेन उभी करून तिचा हात घरांवरून पुढे काढावा, हा पहिला विचार टिकला नाही. पन्नास टनी क्रेन पन्नास टन उचलते ती ओझे अगदी तिच्या पायाशी, तीनेक मीटरवर असताना. तीस मीटरवर तीच क्रेन एक-दोन टनांवर येते, आणि आमचे झाड त्याच्याही पलीकडे होते. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज, पाहणी आणि परवानगी हे १९७५च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे रीतसर झाले. त्या कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. त्यामुळे ‘हे झाड माझ्या वडिलांच्या लग्नाआधीपासूनचे आहे’ असे घरमालक काकांनी अधिकाऱ्यांसमोर अभिमानाने सांगताच त्यांच्या पुतण्याने कपाळाला हात लावला.

हा पुतण्या अमेरिकेत ओरेगॉन राज्यात नोकरीला असून सुट्टीवर आला होता. तिकडे नाताळच्या झाडांचे भारेच्या भारे हेलिकॉप्टरने उचलून रस्त्यापर्यंत आणतात, हे त्याने स्वतः पाहिले होते. “आपण हेलिकॉप्टर का मागवत नाही?” असे त्याने अगदी गंभीरपणे विचारले. “विमानांसाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, आता झाडासाठी हेलिकॉप्टर येऊ दे की ओ मालक,” असे माझ्या माणसांपैकी एकजण म्हणाला आणि सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून आम्ही अंगणात बसून हिशोब मांडला.

झाडाचे ओले वजन माझ्या अंदाजाने आठ-दहा टन होते. नऊ टनांच्या आसपास उचलणारे सिकॉर्स्कीचे स्कायक्रेन किंवा स्वतःच्या रिकाम्या वजनाहून जास्त, म्हणजे सुमारे २७०० किलो, उचलणारे कामानचे के-मॅक्स ही जंगलातील ओंडक्यांसाठी नावाजलेली यंत्रे आहेत. आपल्याकडे दिसणाऱ्या एच-१२५ सारख्या हेलिकॉप्टरच्या आकड्याला जास्तीत जास्त १४०० किलो टांगता येतात, आणि ती मर्यादाही थंड, दाट हवेतली. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते आणि पात्यांची उचल घटते. म्हणजे झाडाचे तुकडे करणे चुकत नव्हतेच, आणि ते करायला माणूस वर चढणेही चुकत नव्हते.

खरी अडचण वजनाच्याही पुढची आहे. क्रेन थांबू शकते. फांदीला दोर बांधून क्रेनने हलका ताण घ्यायचा, मग निवांत कापायचे, आणि तुटलेला तुकडा होता तिथेच तरंगत राहतो. हेलिकॉप्टरला इंधनाची घाई असते, आणि ओंडका पूर्ण सुटला नाही तर ते स्वतःच झाडाला बांधले जाते. अशा वेळी वैमानिक कळ दाबून दोर सोडून देतो. वैमानिकाला वाचवणारी ती कळ ओझे मात्र खालच्या माळवदावर टाकते, म्हणून उड्डाणाच्या साऱ्या वाटेवरची घरे आधी रिकामी करावी लागली असती. त्यातच हवेत राहण्यासाठी हेलिकॉप्टरला आपल्या आणि ओझ्याच्या वजनाइतका रेटा हवेला खाली द्यावा लागतो. त्या झोताने शेडचे पत्रे उडाले असते आणि वाळक्या फांद्या कापणाऱ्याच्याच डोक्यावर आल्या असत्या. लांब दोर लावल्यास झोत कमी लागतो, पण ओझ्याचा झोका वाढतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या कड्यांवर हे सारे चालते, कारण तिथे खाली वस्ती नसते आणि रस्ता काढण्याचा खर्च हेलिकॉप्टरहून जड पडतो. आमच्याकडे परवानग्या आणि तासाला लाखाच्या वर जाणारे भाडे यांचा विचार करण्याची वेळच आली नाही.

मार्ग निघाला तो विहिरीवरच्या यारीचा, म्हणजे खोदलेली माती-दगड वर ओढणाऱ्या छोट्या क्रेनचा. दक्षिण सोलापुरातील एका विहीर खोदणाऱ्याची यारी आम्ही सुटी करून आणली. खांब, हात, इंजिन असे सगळे भाग बोळातून माणसांनी वाहिले आणि अंगणात पुन्हा जोडले. पोकळ बुंध्यावर भरवसा नसल्यामुळे झाडाला तीन दिशांनी दोरांचे ताण दिले. झाडावरच कप्पी बांधून तुकडा लोंबकळवला तर कप्पीच्या जागी त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर येतो, म्हणून झाडावरच्या कप्पीने फक्त शेंड्याकडच्या हलक्या फांद्या उतरवल्या. माळवदावर आलेली मोठी फांदी आणि खालचे खोड यारीने पेलले.

त्या फांदीला तासभर लागला. यारीवाल्याने ताण घेतला, वर चढलेल्याने अर्धा काप घेऊन हात थांबवला, आणि वाऱ्याची झुळूक ओसरेपर्यंत कुणीही काही केले नाही. पुतण्या शेजारच्या जिन्यात उभा राहून चित्रीकरण करत होता. उरलेला काप पूर्ण झाला तेव्हा फांदी टीचभर खाली आली, दोरावर स्थिर झाली आणि यारीच्या हाताबरोबर वळून अंगणात टेकली. माळवदाची माती हललीसुद्धा नाही.

ओंडके तिथेच दोन-दोन हातांचे करून हातगाडीने वखारीला पाठवले. बुंध्याचा तळ मात्र उपसला नाही. त्याची मुळे वाड्याच्या मागच्या भिंतीच्या पायात शिरलेली आहेत, आणि ती भिंत आधी बांधून घ्या असे मी काकांना लेखी दिले आहे.