तुम्ही विचारलंत म्हणून: महिंद्राची पिकअप अमेरिकेत का पोचली नाही

नाशिकचे नातलग विचारतात, "काय हो, आपली महिंद्राची पिकअप दिसते का तुमच्याकडे?" इथले, म्हणजे अमेरिकेतले शेजारी वेगळ्या वाटेने तिथेच येतात. महिंद्राचे लाल ट्रॅक्टर 1994 पासून इथे विकले जातात आणि ज्याच्या शेडमध्ये तो उभा आहे तो त्याच्याबद्दल चांगलंच बोलतो. मी नाशिकचा म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "ती छोटी डिझेल पिकअप येणार होती, तिचं काय झालं?" 15 ऑगस्ट 2023 ला महिंद्राने केप टाउनमध्ये स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली 'ग्लोबल पिक अप' दाखवली, आणि प्रश्न पुन्हा नव्याने सुरू झाला.

ती आली नाही. जकातीमुळे अडली, असं बहुतेक जण सांगतात, पण ते मला पटत नाही.

आधी मी तिची वाट का पाहत होतो ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं कोरडं वाटेल. इथली मोठी पिकअप समोर उभी करा. हौद्याची कड माझ्या छातीला लागते. बाजूने हात घातला तर तळाला बोटं टेकत नाहीत. खताची गोणी आत सरकली की मागे जायचं, फाळका पाडायचा, वर चढायचं, गोणी ओढायची, उतरायचं. आमच्यासारख्या चार वाफ्यांच्या माणसाला एवढी गाडी नको असते. छोटी, टणक, कमी पिणारी हवी असते. महिंद्राने 2006 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ग्लोबल व्हेइकल्स या वितरकाशी करार केला, आणि येणार होती ती अगदी अशीच: स्कॉर्पिओवर बेतलेली, 2.2 लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन, दोन दारांची टीआर20 आणि चार दारांची टीआर40. सुट्टीत नाशिकला गेलो की रस्त्याकडेला स्कॉर्पिओ गेटअवे, म्हणजे स्कॉर्पिओवरचीच भारतात विकली जाणारी पिकअप, दिसली रे दिसली की मी मालकाची परवानगी काढून मागे जायचो, फाळका पाडायचो, हौद्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचो. पोचायचा. इंजिन सुरू करायला लावून त्याची घरघर ऐकायचो. मला ती गाडी मनापासून हवी होती.

आता जकात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला. उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के जकात बसवली. रोख होता फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर. बाकीचे कर कालांतराने गेले, ट्रकवरचा राहिला. इथे त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. साध्या मोटारीला तेव्हा अडीच टक्के, पिकअपला पंचवीस. मोठी भिंत आहे खरी. पण तिच्याखालून जायच्या वाटा सगळ्यांना ठाऊक होत्या. सुबारूने ब्रॅट या आपल्या छोट्या पिकअपच्या हौद्यात दोन खुर्च्या बसवून तिला प्रवासी गाडी करून टाकलं. महिंद्राच्या बाबतीतही सुटे भाग आणून गाडी अमेरिकेतच जुळवायची, असं बोललं जात होतं. जकातीचा आकडा पहिल्या दिवसापासून माहीत असतो. त्याचा हिशेब किमतीत धरता येतो.

हिशेबात धरता येत नाही तो धूर. माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलं.

अमेरिकेचा नियम डिझेल आणि पेट्रोल असा भेद करत नाही. त्या काळात कंपनीच्या गाड्यांची सरासरी 'टियर 2, बिन 5' या पातळीला बसावी लागे: नायट्रोजन ऑक्साइड दर मैलाला 0.07 ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला जेमतेम 0.04. त्याच सुमाराला युरोपात युरो 4 च्या डिझेल कारला किलोमीटरला 0.25 ग्रॅम चालत होतं आणि हलक्या मालवाहू गाड्यांतल्या सर्वांत जड गटाला 0.39. भारतातले नियम तर युरोपच्याही मागून चाललेले. आणि हा आकडा नव्याकोऱ्या गाडीपुरता नव्हे. 1 लाख 20 हजार मैल धावून झाल्यावरही गाडी त्यातच राहिली पाहिजे, हे कंपनीने सिद्ध करायचं.

हे अवघड का, तर डिझेल जळताना सिलिंडरमध्ये हवा भरपूर असते आणि उष्णता प्रचंड. त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. पेट्रोल गाडीचा नेहमीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इथे कामाचा नाही, कारण धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो. जळलेला थोडा धूर परत इंजिनात सोडून उष्णता उतरवली तर काजळी वाढते. काजळीला फिल्टर लावला तर तो तुंबतो, आणि त्यात साठलेलं जाळायला पुन्हा डिझेल लागतं. एक बाजू दाबली की दुसरी वर येते. जगातल्या भल्याभल्या कंपन्यांना यात घाम फुटला. फोक्सवॅगनने तर चक्क सॉफ्टवेअरमध्ये लबाडी केली आणि 2015 मध्ये ती उघडकीला आली. म्हणून महिंद्राला उशीर झाला यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. खुपलं ते वेगळं: परीक्षा द्यायच्या आधीच तारखा जाहीर होत राहिल्या. 2009 म्हणाले, ते 2010 वर गेलं, आणि 2010 मध्येही महिना पुढे सरकत राहिला.

तारखेवर लोकांचे संसार अवलंबून असतात. देशभरात सुमारे साडेतीनशे डीलर जोडले गेले होते. त्यांनी डीलरशिपसाठी पैसे भरलेले, कुणी जागा राखून ठेवलेली. आमच्यासारख्या गिऱ्हाइकाचं काय, जुनी गाडी आणखी दोन वर्षं रेटायची. डीलरला मात्र रिकाम्या शोरूमचंही भाडं भरावं लागतं. या गोष्टीत मला सर्वांत वाईट त्यांचंच वाटतं, आणि प्रश्न विचारणारे त्यांच्याबद्दल सहसा विचारत नाहीत.

ऑगस्ट 2010 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं प्रमाणपत्र मिळालं. गाडी पास झाली! आणि त्याच महिन्यात महिंद्राने वितरकाशी असलेला करार संपल्याचं सांगितलं. त्याआधीच दोघे कोर्टात गेलेले होते. प्रकरण लंडनच्या लवादापुढे गेलं, 2012 मध्ये निकाल महिंद्राच्या बाजूने लागला. त्याच वर्षी काही डीलरनी वेगळा दावा लावला. कायद्याने कोण बरोबर ते लवादाने ठरवलं. गाडी मात्र कुणालाच मिळाली नाही.

प्रमाणपत्राबरोबर मायलेजचा आकडाही बाहेर आला: शहरात 19, हायवेवर 21 मैल प्रति गॅलन. आधी सगळीकडे 30 ची भाषा होती. आपल्या हिशेबात सांगायचं तर लिटरला पावणेतेराची आशा आणि हातात आठ ते नऊ किलोमीटर. अवजड बांधणी, ऑटोमॅटिक गिअर आणि धूर धुण्याचा खर्च, सगळं त्यात आलं. इथे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असतं. जुलै 2008 मध्ये पेट्रोल चार डॉलरच्या थोडं वर असताना डिझेल पावणेपाचला टेकलं होतं. तो आकडा वाचल्यावर माझ्या मनातली गाडी अर्धी विरघळली. टणकपणासाठी मी तरीही घेतली असती.

नंतर काय झालं तेही सांगतो, कारण त्यातच जकातीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. छोटी फोर्ड रेंजर इथे 2011 च्या अखेरीस बंद झाली, डॉज डकोटाही त्याच वर्षी. जागा मोकळी पडली. मग 2016 च्या शेव्हरोले कोलोरॅडोत 2.8 लिटरचं डिझेल इंजिन आलं आणि त्या गाडीला हायवेवर 31 मिळाले. ते इंजिन थायलंडमध्ये बनायचं, गाडी मिसूरीत जुळायची. परदेशी इंजिन, देशी गाडी, चिकन टॅक्स नाही. वाट होती, आणि गिऱ्हाईकही होतं. 2022 नंतर तेही डिझेल बंद झालं.

मग नवी महिंद्रा पिकअप येईल का? घाईच असेल तर जुनी आणायचा एक रस्ता आहे: पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला इथले सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत, म्हणजे 2007 ची गेटअवे 2032 मध्ये आणता येईल. नव्या गाडीसाठी मी आता तारखा वाचत नाही, डीलरच्या पाट्याही बघत नाही. ईपीए दर वर्षी प्रमाणपत्र मिळालेल्या इंजिनांची माहिती जाहीर करते, कुणालाही उघडून पाहता येते. मी ती पाहतो. त्यात महिंद्राचं रस्त्यावर चालणारं डिझेल दिसलं, की तुम्ही विचारायच्या आधी मीच फोन करीन.